तांडेलाचं कार्ड आणि अकरा नावांची यादी

थळच्या बाजूच्या एका जेट्टीवर त्या सकाळी जे घडलं, ते मी अजून विसरलेलो नाही. खबऱ्याचा फोन आला, "साहेब, बनावट कार्डावर माणूस बोटीवर चढतोय."

दोन हवालदार घेऊन पोहोचलो. मच्छीमार सोसायटीचा सचिव संगणकावर ओळखपत्रं तपासत होता. साठीतल्या एका तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचं, नाव टाकलं की 'नोंद नाही' असं येई.

"मी ओळखतो हो याला," सचिव म्हणाला, "पण यंत्र नाही म्हणतंय."

सगळ्यांदेखत कार्ड जप्त केलं, तांडेलाला ठाण्यात आणलं. गुन्हा दाखल झाला असता तर त्याचं दर्यावर जाणं संपलंच असतं.

चौकशीत तेच प्रश्न तीनदा विचारले. खोटं बोलणारा पाठ केलेलं उत्तर देत राहतो. हा तिसऱ्यांदा भडकला.

"माजा बापूस याच बंदरावर मेला, सायेब! तुमचा डबा मला वलखत न्हाय, तर डब्याला आत टाका!"

हवालदार हसला. मी स्टेशन डायरीत नोंद केली, गुन्हा दाखल न करता त्याला घरी सोडलं आणि सचिवाकडून दोन दिवसांत तपासलेल्या नावांची यादी मागवली. नापास नावं अकरा होती. दहा जण मुकाट परत गेले होते. हा मागे न फिरता बोटीवर चढू लागला, म्हणून आमच्या नजरेत आला. कागदावर दोन रकाने पाडले. नापास झालेल्या प्रत्येक नावात इंग्रजी मोठा I होता. पास झालेल्या एकाही नावात नव्हता.

ओळखपत्रं तपासायचा प्रोग्राम लिहिणाऱ्या अलिबागच्या मुलीला बोलावलं. तिने आधी विचारलं, "संगणक कुणाचा?"

"भाच्याचा," सचिव म्हणाला. "तो तुर्की जहाजावर कामाला होता. परवाच सोसायटीला दिला."

तिने कपाळाला हात लावला. "काका, मूळ यादी छोट्या अक्षरांत आहे. कार्डावरची मोठी अक्षरं प्रोग्राम छोटी करतो, पण संगणकात जो देश निवडलाय त्याच्या नियमाने. इथे तुर्की निवडलेला असणार. तुर्कीत या I चं छोटं अक्षर बिनटिंबाचं असतं. मग जुळणार कसं? चूक माझी. नियम मीच बांधून द्यायला हवा होता."

तिने तिथेच दुरुस्ती केली. अकराही नावं पास झाली.

वरिष्ठ म्हणाले, "तांडेलाला ठाण्यात बोलावून कार्ड द्या." मी ऐकलं नाही. दुसऱ्या सकाळी जेट्टीवर गेलो आणि सगळ्यांसमोर कार्ड त्याच्या हातात दिलं. "चूक आमची होती," असं मोठ्याने सांगितलं. त्याने कार्ड बंडीत ठेवलं आणि बोट सोडायला सांगितली.

यंत्राचा नकार हा पुरावा नसतो, ती तपासाची सुरुवात असते, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि माणसावर संशय चारचौघांत घेतला असेल, तर तो चारचौघांतच मागे घ्यावा.