दुसरा कुकारा

मी भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा धरायला नको. भोरला पावसाळ्याआधी खोलीवरची कौलं चाळायची वेळ आली, की शेजारी वर चढायचा आणि मी खाली शिडी धरून उभा. तीसुद्धा डोळे मिटून! आणि अशा माणसाला नोकरी कसली मिळावी? देवी काढण्याची, म्हणजे देवीची लस टोचण्याची. खांद्याला पिशवी, पिशवीत लशीच्या काचेच्या नळ्या, टोचायची सुई, स्पिरिट, कापूस. आणि पायाखाली भोर-वेल्ह्याचे डोंगर. कपाळ माझं!

दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. मी तिशीच्या आत होतो आणि घरात एकटा. आईवडील लवकर गेले. लग्न झालं, तर दीड वर्षात बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. त्यानंतर फिरतीचं काम मला बरंच वाटायला लागलं. फिरतीवर एकटं असण्याला काहीतरी कारण असतं. घरी परत येऊन कुलपात किल्ली फिरवली, की मग कारण उरायचं नाही. दोन दिवस गेलो काय आणि आठ दिवस गेलो काय, कधी आलात म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

गावोगाव आमचं स्वागत कसं व्हायचं तेही सांगतो. टोचणारा आला अशी कुणकुण लागली, की आया पोरं घेऊन पसार. कणगीत लपवलेलं पोर मी स्वतः बाहेर काढलेलं आहे. म्हणून वाटेत कुणी विचारलं, तर मी काम सांगत नसे. "जरा पलीकडं जायचंय," एवढंच म्हणायचं आणि पुढं सटकायचं.

पौषात मी कापूरहोळला मोटारीतून उतरलो आणि बैलगाडीनं मार्गासनीपर्यंत आलो. तिथून पुढं पायी. राजगड आणि तोरणा यांच्यामधल्या डोंगरधारेपलीकडं धनगरांची पाच-सहा घरांची एक वस्ती होती. तिथल्या पोरांना कधीच कुणी टोचलेलं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत एक म्हातारे शेतकरी खळ्यावर बसले होते. त्यांना वाट विचारली.

"खिंडीपातुर जावा," ते म्हणाले. "फुडं कड्याची वाट हाय. एका टायमाला एकच माणूस जातं. म्हून खिंडीत उभं ऱ्हाऊन कुकारा द्यायचा. पलीकडनं ओ आली, की निघायचं."

कुकारा म्हणजे तोंडाशी हात धरून घातलेली लांब 'कूऽऽ'. ती ऐकली, की समोरून कुणी मोळी घेऊन, गुरं घेऊन वाटेला लागत नाही. कुत्रीही धरून ठेवतात.

"आन हे बगा," त्यांनी मला मागून हाक मारून थांबवलं. "मन मागं झालं, परत फिरलात, तर दुसरा कुकारा द्यायचा. न्हाईतर पलीकडची मानसं समजत्यात, गडी पडला. इसरू नगा."

मी मान डोलावली आणि निघालो.

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथं वाटेच्या कडेला शेंदूर लावलेले दोनतीन दगड होते. मी घसा खाकरला. भर डोंगरात असं ओरडायचं म्हणजे मला लाजच वाटत होती, पण ओरडलो. पलीकडून लगेच ओ आली, बाईमाणसाची, लांबलचक. मग मी चार पावलं पुढं गेलो आणि ती वाट पाहिली.

वाट कसली! डाव्या हाताला काळा कातळ, उजव्या हाताला काहीच नाही. मधे हातभर मुरूम आणि त्यावर वाळकं गवत. अशी शंभरएक पावलं. खाली पाहिलं तर झाडांचे शेंडे दिसत होते, आणि त्यांच्याही खाली एक घार फिरत होती. घार माझ्याखाली! मांड्या अशा लटपटायला लागल्या, की मी तिथल्या तिथं खाली बसलो आणि बसल्या बसल्या मागं सरकत खिंडीत आलो.

किती वेळ बसलो असेन कोण जाणे. मधे एकदा पलीकडून पुन्हा आवाज आला, विचारल्यासारखा. आता मी दुसरा कुकारा द्यायला हवा होता. मला ते पुरतं ठाऊक होतं, विसरलो वगैरे काही नाही. पण तो द्यायचा म्हणजे दोन्ही बाजूंच्या डोंगरांना ओरडून सांगायचं, की मी भ्यालो, परत चाललो. लाज वाटली. मूग गिळून बसलो, आणि मग उठून चोरासारखा उतरलो. त्या खळ्यावरच्या म्हाताऱ्यांना तोंड दाखवायला नको म्हणून वाडी टाळली आणि रानातून सरळ गाडीरस्त्याला लागलो.

भोरला येऊन रोजनिशीत लिहिलं, 'वस्ती ओस, लोक गुरांसह अन्यत्र गेले आहेत.' अक्षर छान आलं होतं. कुणी काही विचारलं नाही. अंगात कसर आहे म्हणून तीन दिवस खोलीत पडून राहिलो. तेव्हाही कुणी विचारलं नाही.

चैत्रात बातमी आली, की वेल्ह्याकडं एका गावात देवी निघाल्या आहेत. दोन पोरं गेली होती. धनगर ताक-लोणी घेऊन त्याच गावात उतरतात, हे मला माहीत होतं. वस्तीवरची पोरं तशीच राहिली होती, आणि ती का राहिली हे जगात मला एकट्याला माहीत होतं. वरिष्ठांना सांगून दुसऱ्या कुणाला पाठवावं, तर मग ओस वस्तीत माणसं कुठून आली, ते सांगावं लागलं असतं. तसा मी नालायक होतो, पण इतका नव्हतो, की पोरं मरू द्यावीत.

लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि निघालो. या खेपेला वाडीत कुणी दिसलं नाही. ऊन तापायच्या आत खिंड गाठायची होती, नाहीतर लस वाया जाणार. वाटभर मी स्वतःला शिव्या घालत होतो. बोलायला दुसरं होतं कोण?

खिंडीत जुन्या दगडांशेजारी एक नवा दगड दिसला. ओबडधोबडच होता, पण धुऊन, हळदकुंकू लावून, नीट उभा केलेला. त्याच्यावर पानांचा ढीग होता. खाली सुकलेली, वर हिरवी. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी इथून पडलं होतं. जो इथं पडतो त्याच्या नावानं दगड ठेवतात, आणि जाणारायेणारा त्यावर पान ठेवतो, ही इकडची रीत मी ऐकून होतो. एक पान तोडलं, त्या दगडावर ठेवलं आणि हात जोडले. म्हटलं, बाबा रे, तू गेलास, तुला इथली खोली कळली; मला तेवढं पलीकडं पोचव. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण त्या क्षणी सोबतीला तोच एक होता.

कुकारा दिला. ओ आली.

लोक मला पुढं विचारायचे, भीती गेली कशी? गेली कुठं! ती माझ्या बरोबरच आली. शूर माणसं त्या वाटेनं उभ्यानं जातात. मी बसून गेलो. वहाणा काढून पिशवीत कोंबल्या, पिशवी पोटाशी बांधली, पाठ कातळाला लावली आणि ढुंगणावर सरकत निघालो. उजवी टाच रोवायची, डावा तळवा टेकायचा, वीतभर सरकायचं. अर्ध्यावर एक खडा निसटला, आणि तो खाली लागल्याचा आवाजच आला नाही. तिथं मी रडलो. चक्क रडलो, मोठ्यानं, कुणी नव्हतंच ऐकायला. आणि रडता रडता लक्षात आलं, की आता मागं जायचं तर तेवढंच सरकायला लागणार. मग पुढंच सरकलो.

पलीकडं पोचलो तेव्हा धोतर मागून फाटलेलं. मला पाहून वस्तीवरची पोरं फिदीफिदी हसायला लागली. सात पोरं, सगळी धडधाकट. मी त्यांना दोनदा मोजलं. या वस्तीवर लपवाछपवीही झाली नाही. खालच्या गावातली दोन पोरं गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. आयांनी स्वतःच पोरांचे दंड पुढं केले.

ज्या बाईनं ओ दिली होती ती पन्नाशीची असेल. टोचून झाल्यावर तिनं मला ताक दिलं. तिचा मुलगा कुडाला टेकून बसला होता, एक पाय लांब करून. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झालेला.

"याला काय झालं?" मी विचारलं.

"काय सांगू डाक्तर," बाई म्हणाली. "पौषात एक मानूस आला हुता. त्यानं कुकारा दिला, म्या ओ दिली. भाकरी थापत हुते, म्हनलं पावनं येत्यालं, दोन जास्ती थापल्या. आलाच न्हाई. पुन्यांदा हाळी दिली. काय न्हाई. दुसरा कुकाराबी न्हाई. मंग समाजलो, गेला बिचारा. तीन दिस हुडकला त्याला खाली दरीत. ह्यो दोरावर उतरला हुता, कातळावर आपाटला. त्यो मानूस काय गावला न्हाई. कोन, कुठला, काय ठावं न्हाई. वाडीत इच्यारलं, तर म्हनले, पिशवीवाला एक वर गेला, खाली आलेला कुनी बगितला न्हाई. त्याच्या नावाचा दगूड ठिवलाय खिंडीत. म्या जाते तवा पान टाकते. कुनाचा तरी असंल की त्यो. घरचं वाट बगत असत्यालं."

ताकाचं भांडं माझ्या हातात तसंच राहिलं. ते तीन दिवस मी भोरला पांघरूण ओढून पडलो होतो. ज्या गावात मी जन्मलो तिथं मी आहे की नाही हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि इथं तोंडही न पाहिलेली माणसं मला दरीत शोधत फिरत होती.

गप्प बसता आलं असतं. मागच्या वेळेसारखंच. कुणाला कळणार होतं? पण त्या गुडघ्याकडं पाहून मला राहवेना.

"मावशी," मी म्हणालो, "तो माणूस मीच. मी पडलो नव्हतो. भ्यालो आणि पळून गेलो."

बाई एकदम उठली.

"मुडद्या! मंग दुसरा कुकारा द्यायला तुज्या तोंडात काय खुट्टा मारला हुता का?"

"लाज वाटली."

"लाज!" असं म्हणून तिनं मला जे काय सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी खाली मान घालून सगळं ऐकलं. आईच्या मागं इतक्या हक्कानं मला कुणी शिव्या दिल्या नव्हत्या. मुलगा मात्र हसायला लागला. हसता हसता त्याचा गुडघा दुखला, तरी हसतच राहिला. "आये, भूत टोचून गेलं की गं पोरास्नी!" म्हणाला.

तिनं मला भाकरी वाढली. जेवताना मी विचारलं, "तो दगड काढून टाकू का जाताना?"

"छ्या! ठिवलेला दगूड काडत न्हाईत. ऱ्हाऊंदे. म्हातारा झाल्यावर उपेगी पडंल."

त्या मुलाच्या गुडघ्यासाठी मी पुढं भोरहून मोठ्या डॉक्टरांना विचारून लेप पाठवले, पण तो पाय कायमचा आखडला तो आखडलाच. रोजनिशीतलं ते वाक्य मी खोडलं आणि वरिष्ठांना खरं सांगितलं. त्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी उन्हं कलायला लागल्यावर मी निघालो. बाई वाटेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "हितंच उबी हाय. खिंडीत पोचलास, की कुकारा दे. न्हाई दिलास, तर ह्या खेपेला हुडकायला येनार न्हाई बग!"

मी पुन्हा बसूनच गेलो. उरलंसुरलं धोतरही गेलं. खिंडीत पोचलो, उभा राहिलो आणि हात तोंडाशी धरून जिवाच्या आकांतानं ओरडलो. पलीकडून ओ आली. तिचं लुगडं कातळाआड जाताना दिसलं.

खिंडीत आता मी एकटाच होतो. एक पान तोडलं, माझ्या दगडावर ठेवलं आणि भोरच्या वाटेला लागलो.