नाल्यावरचं अळू

गौरी तीन दिवसांवर आल्या होत्या. सकाळी ओट्याशी नारळ खवत होते, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. दारात मनुबाई. मी तिला बोलूही दिलं नाही.

"आज अळू नको हं, मनुबाई."

"आनलंय कुठं, वैनी?"

खरंच टोपली नव्हती. काखेत एक फळी होती आणि हातात रंगाचा डबा.

मनुबाई आमच्या आळीत बारा-पंधरा वर्षं भाजी घालते. अळू तिच्या स्वतःच्या मोरीमागचं; त्याची वडी कधी घशाला खाजली नाही. गेल्या वर्षी तिला आणखी एक काम मिळालं. वरच्या रंगाच्या कारखान्याचं पाणी नाल्याने आमच्या विहिरींकडे उतरतं, म्हणून कॉलेजातल्या सलिल सरांनी नाल्यावर पाणी गाळायची सोय केली. आधी खडीचा हौद, मग करवंटीच्या कोळशाचा, शेवटी लव्हाळ्याचा वाफा. कोळसा रंग धरून ठेवतो, उरलंसुरलं लव्हाळा शोषतो. वाफ्याची राखण मनुबाईकडे.

तिथूनच संशय शिरला. वाफ्यात अळू दिसू लागलं, सुपाएवढ्या पानांचं. मनुबाई रोज तिथून फडक्याखाली भारा झाकून नेते, हे शेजारच्या सत्यवतीवहिनींनी पाहिलं. "तिच्या पानांना मेलं एवढं तेज कुठून, ते कळलं ना आता?" आठवडाभरात आळीने तिचं अळू बंद केलं. मीही केलं. तिला विचारलं मात्र कुणीच नाही.

आज विचारलं. "वाफ्यात अळू कुणी लावलं?"

"मीच. लव्हाळा एका कोपऱ्यात मेला. सांडपान्यावर अळू लावायचं, ह्येच आमाला ठावं. सर आले नि डोक्याला हात लावून बसले. म्हनले, मोरीचं पानी येगळं नि ह्ये येगळं, ह्यातलं इख पानांत उतरतं. तवापासून कापते नि खड्ड्यात पुरते. पन कंद ऱ्हातो ना. परत फुटतंच."

"मग झाकून का नेता?"

"उघडं नेलं तर कोन ना कोन मागनार. न्हाय म्हनलं की मनुबाई माजली!"

ती हसली. मला काही हसू येईना. "खड्डा दाखवाल?"

"आत्ता चला की."

नारळ तसाच ठेवून गेले. खड्डा होता, पानं कुजत होती. पण वाफ्याच्या कडेला सात-आठ देठ ताजे कापलेले दिसले, कमरेइतक्या उंचीवर, तिरके.

"हे तुम्ही कापलेत?"

"मी कोयत्यानं मुळाशी घालते. ही कुनाची तरी सुरी हाय."

"कुणाची?"

"बघितल्याबिगर नाव कसं घेऊ, वैनी?"

काल सत्यवतीवहिनींनी दिलेली जुडी माझ्या फ्रिजमध्ये होती. "आमच्या परसातलं आहे, निर्धास्त खा," म्हणाल्या होत्या. त्यांच्या परसात जास्वंदीशिवाय काही उगवलेलं मी तरी पाहिलं नाही. दोघी घरी आलो, मी जुडी सोडली. देठ तिरके कापलेले.

मनुबाईने त्या जुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फळी ओट्यावर ठेवली.

"गौरीला घरोघर अळू शिजनार. मला ल्ह्यायला येत न्हाय. 'हितलं अळू खाऊ नका' एवढं मोठ्या अक्षरांत लिहून द्या."