भाऊसाहेबांच्या चरित्रातलं माझं पान

"माझे वडील दारू पितात. घरी रोज भांडणं होतात. भाऊसाहेब नसते तर मी आज लोकांची धुणीभांडी करत असते."

हे मी माइकवरून वाचलं. आठवीत होते. माझे वडील चौथ्या रांगेत बसले होते. ते दारू पीत नव्हते.

भाऊसाहेबांचा वाढदिवस होता. भंडाऱ्यात आमच्या शाळेच्या पटांगणावर दरवर्षी मांडव पडायचा. भाऊसाहेब म्हणजे आधी पितळी भांड्यांचा कारखाना, मग राइस मिल, मग आमदारकी, मग शाळा, वसतिगृह, दवाखाना. ज्या मुलींची फी ते भरायचे, त्यांच्यातली एक दरवर्षी मनोगत वाचायची. मनोगत आपलं म्हणायला. कागद मुख्याध्यापकांकडून यायचा. आदल्या वर्षीच्या मुलीचा बाप खरोखर पिणारा होता, आणि तिचं ऐकून भाऊसाहेबांनी रुमालानं डोळे पुसले होते. म्हणून सरांनी तोच कागद ठेवला. वर फक्त माझं नाव घातलं.

माझे बाबा पीत नाहीत, हे मी सरांना सांगितलं होतं. वाच, पाच मिनिटांचं काम आहे, असं ते म्हणाले. बाबांनी त्या दिवशी आणलेली नवी रिबीन त्यांनी मला सोडायला लावली. गरीब दिसायला हवं होतं.

बाबा गावी, अड्याळला मागावर बसत; मी शाळेच्या वसतिगृहात राहायचे. भाऊसाहेबांसाठी त्यांनी कोशाच्या रेशमाचा शेला विणून आणला होता, पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. माझं वाचून झालं तशा टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या. मग लोक वळून वळून पाहू लागले, कोण तो बाप. ते जागचे उठले नाहीत. शेला तसाच राहिला. दारुडा ठरल्यावर शेला घेऊन स्टेजवर कोण चढणार?

एसटी स्टँडवर त्यांना सोडायला गेले. गाडी लागल्यावर त्यांनी विचारलं.

"कोनं लिवलं होतं?"

"सरनं."

"मंग वाचाच लागते न," म्हणाले आणि गाडीत चढले.

त्यानंतर ते शाळेच्या फाटकाच्या आत कधी आले नाहीत. महिन्यातून एकदा यायचे, बाहेरच उभे राहायचे, चिवड्याची पुडी द्यायचे, जायचे. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. दात काढताना सुई टोचल्यावर गाल बधिर होतो, तशी मी कित्येक वर्षं होते. शिकले, बीएड केलं, त्याच संस्थेत मराठी शिकवायला लागले. दर जूनला वर्षभरापुरती नवी ऑर्डर. माझी फी भाऊसाहेबांनी भरली हे खरं आहे. मी ते आजही नाकारत नाही.

यंदा त्यांचा अमृतमहोत्सव. चरित्र काढायचं ठरलं, आणि मराठीच्या मॅडम म्हणून लिहिणं माझ्या गळ्यात पडलं. पुस्तक झालं की तुम्हाला कायम करू, असं संस्थेच्या सचिवांनी सांगितलं. मी मन लावून लिहिलं. डोक्यावर भांडी घेऊन बाजार करणारा पोरगा, पितळेची पहिली भट्टी, पडलेली निवडणूक, जिंकलेली निवडणूक. माणूस मेहनती. तिथवर खोटं लिहावं लागलं नाही.

शेवटच्या प्रकरणासाठी सचिवांनी एक फाइल दिली. तिच्यात मीच निघाले. आठवीतला फोटो, खाली ते मनोगत. वर पेन्सिलीनं मथळा घातलेला: 'दारुड्या बापाची लेक आज आमच्याच शाळेत शिक्षिका'.

हे चुकीचं आहे, मी दुरुस्त करते, असं म्हटलं. सचिव चिडले नाहीत. वर्गातल्या ढ पोरीला समजवावं तसं म्हणाले, "मॅडम, बाप चांगला होता म्हटलं, त मंग भाऊनं काय केलं?"

मी भाऊसाहेबांकडे गेले. त्यांनी ओळखलं, चहा सांगितला. "बाबाची दारू सुटली का बेटा?" अगदी काळजीनं विचारलं. ते कधी पीतच नव्हते, मी सांगितलं. ते हसले. "जाऊ दे न. आता कायले जुनं काढून राहिली?"

चहा पिऊन मी उठले. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

रविवारी अड्याळला गेले. माग केव्हाच बंद झालाय. बाबांना सगळं सांगितलं. पुस्तक जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत जाणार, हेही. ते सुपारी कातरत होते. हात थांबला नाही.

"लिव न मंग. मायं काय जाते? तुयी नोकरी पक्की होते."

तेव्हा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि आधी स्वतःचाच. ज्यानं जन्मात दारूला हात लावला नाही तो माणूस माझ्यासाठी दुसऱ्यांदा दारुडा व्हायला तयार होता. आणि मी त्याला विचारायला गेले होते. मला लाज वाटली.

सोमवारी लिहिलेली सगळी प्रकरणं सचिवांच्या टेबलावर ठेवली. शेवटचं नाही. सोबत अर्ज दिला: माझे वडील विणकर आहेत. ते दारू पीत नव्हते. ते मनोगत शाळेनं लिहून दिलं होतं आणि ते खोटं होतं. ते छापू नये. छापल्यास समारंभात उठून हा अर्ज मी मोठ्यानं वाचेन.

सचिवांनी दोनदा वाचला. "जूनची ऑर्डर विसरा मंग."

"विसरली," मी म्हटलं. "पोच द्या."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी बसून राहिले. शेवटी शिक्का मारून पोच दिली. भाऊसाहेबांनी फी भरली, त्याचे आभार मी कुणासमोरही मानीन. पण बापाबद्दलचं खोटं आता माझ्या तोंडून निघणार नाही, माझ्या गप्प बसण्यातूनही नाही. पोट भरायला दुसरी शाळा बघेन. नाही मिळाली तर धुणीभांडी करीन.