झिंगे काठावर आले तो दिवस

समुद्र तुमच्यापासून किती लांब, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की मी त्याचं उत्तर द्यायचं सोडून दिलं. बँकेतल्या साहेबांनी विचारला, विमावाल्याने विचारला, आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी तर गाडीतून एक पाय खाली ठेवल्या ठेवल्या विचारला. झिंग्याची एक जात गोड्या पाण्यात वाढते, शेततळ्यात वाढते, वाशीम जिल्ह्यातही वाढते, हे पटवण्यातच माझी अर्धी ताकद संपली.

मी मूळची याच जिल्ह्यातल्या कामरगावची. मासळीचं शिक्षण घ्यायला कोकणात गेले आणि तिथेच नोकरीला लागले. त्या काळात एका वादळाने खाडीकाठची कोळंबीची तळी पार धुऊन नेली होती. बांध फुटले, पंप वाहून गेले. त्या लोकांना पुन्हा उभं करायचं आणि त्यांच्याकडे पैसा लावणारी माणसं आणायची, हे आमचं काम. तिथे एक गोष्ट मला पक्की कळली. तळं पुन्हा बांधता येतं. पण माल उचलणारा आणि बर्फ देणारा कोणी जवळ नसला, तर बांधलेलं तळं नुसता खड्डा असतो.

मग वडिलांच्या अंगावरून वारं गेलं आणि मी परत आले. वाशीमला एका छोट्या संस्थेत लागले. शेततळ्यांतून काही जोड-उत्पन्न निघतं का, ते संस्थेला पाहायचं होतं. रिठद गावाच्या बाजूला फिरताना प्लास्टिकची पन्नी अंथरलेली, हिरव्या पाण्याची तळी दिसत. हळदीला पाणी दिलं की बाकीचे महिने ती तशीच पडून असत. मला खाडीकाठची तळी आठवली आणि झिंग्याचा विचार डोक्यात बसला.

पहिल्या तयार झाल्या त्या एक मावशी. नवरा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला, मुलगी पुण्याला नोकरीला. विहारातल्या महिला मंडळात त्यांचा शब्द चाले. बोलणं तोडून टाकणारं.

"झिंगे तं बजारात वाळवलेले भेटतात," त्या म्हणाल्या. "जिते कायले पाळा लागतात?"

"मावशी, ताज्याला मोठ्या शहरात मागणी आहे."

"मोठं शहर रिठदले येणार हाय का?"

या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं. आपण माल दाखवू, मग व्यापारी येतील, कंपनी येईल, बर्फाचा कारखाना येईल. मी कोकणात हे घडताना पाहिलं होतं. मावशींनी मान हलवली ती माझ्यावर विश्वास बसला म्हणून, की तळं रिकामं बघवत नव्हतं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या शेजारचे दोघे भाऊही तयार झाले. थोरला फार बोलायचा नाही. धाकटा प्रत्येक गोष्टीवर हसायचा.

हवा भरलेल्या पिशव्यांतून कोकणातून बी, म्हणजे झिंग्याची बारीक पिल्लं, आलं, तेव्हा धाकट्याने एक पिशवी उन्हाकडे धरून पाहिली. आत डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"म्याडम, तुमी आमाले पाणीच विकून राह्यल्या का?"

पण बी वाढलं. दसऱ्यापर्यंत झिंगे बोटाएवढे झाले, दिवाळीत हातात धरवेनात. निळ्या नांग्या, लांब मिशा. पोळ्याला बैल पाहायला जावं तशी माणसं तळ्यावर झिंगे पाहायला यायची. मी फोटो काढून ओळखीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना पाठवले. एकानेही गाडी पाठवली नाही. एवढ्याशा मालासाठी एवढ्या आत कोण येणार, हे प्रत्येकाचं उत्तर. माल वाढवायचा तर पैसा लावणारा हवा, आणि पैसा लावणारा म्हणे आधी माल वाढवा. या चक्रात मी दोन्हीकडून फिरत राहिले.

शेवटी संस्थेच्या साहेबांनी एक पार्टी गाठली. शीतगृहाचा आणि प्रक्रियेचा धंदा करणारी कंपनी. त्यांची माणसं पाहणीला येणार, ठरलं. साहेब एकदम कामाला लागले. मावशींच्या तळ्याकाठी मंडप पडला, खुर्च्या आल्या, माईक आला, आणि माईकसाठी वाशीमहून एक जनरेटर आला. आमच्याकडे दिवसा वीज असते कधी, नसते कधी. पाहुण्यांसमोर माईक बंद पडला तर जिल्ह्याची इज्जत जाईल, असं साहेब म्हणाले.

झिंग्यांच्या पाण्यात हवा घोळणाऱ्या यंत्राला, ज्याला सगळे पंखाच म्हणत, जनरेटर मिळावा म्हणून मी त्याच साहेबांकडे पावसाळाभर अर्ज करत होते. त्यासाठी तरतूद नव्हती.

पाहुणे यायच्या आदल्या दिवसापासून आभाळ भरून आलं होतं. वारा पडला होता. ऊन नसलं की तळ्यातल्या पाण्यातली हवा कमी होते, त्यात कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी गावाला वीज देणारी डीपी जळाली. पंखा थांबला. मी पोचले तेव्हा मावशी काठावर उकिडव्या बसल्या होत्या.

"हे पाय, बाई. हे काहून असे करून राह्यले?"

झिंगे काठाला आले होते. सगळीकडून. पन्नीवर नांग्या टेकून, मिशा पाण्याबाहेर काढून बसले होते. काही तर पन्नीवर चढून पार कोरड्यात आलेले. पाण्यात हवा उरली नव्हती. ते श्वासासाठी वर आले होते.

नेमक्या त्याच वेळी गाड्या आल्या. हार झाले, नारळ झाला. पाहुण्यांतले एक गृहस्थ थेट काठावर आले आणि थक्क होऊन उभे राहिले.

"अरे वा! इतके? आणि किती माणसाळलेले आहेत!"

ते फोटो काढू लागले. त्यांच्याबरोबरची बाई वाकून व्हिडिओ घेऊ लागली. साहेबांचा चेहरा फुलला. मी त्यांना बाजूला घेतलं.

"सर, झिंगे गुदमरतायत. जनरेटर पंख्याला लावू द्या."

"कार्यक्रम होऊ दे."

"तोवर मरतील."

"पाहुण्यांसमोर धावपळ नको. किती वेळ लागतो भाषणाला? आणि त्यांना आवडलंय बघ."

भाषण सुरू झालं. शेतकरी आमच्या केंद्रस्थानी आहे, साहेब सांगू लागले. मी खुर्चीमागे उभी होते. तळ्याकडे पाहिलं तर मावशींनी पदर खोचला होता. त्या पन्नीवरून बसत बसत खाली उतरल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून दोन्ही हातांनी पाणी उडवायला लागल्या. मागोमाग दोघे भाऊ बादल्या घेऊन उतरले. बादली भरायची, उंचावरून ओतायची. धाकटा पहिल्यांदाच हसत नव्हता. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं. मी जनरेटरवाल्याकडे गेले.

"दादा, माईकची वायर काढ. पंख्याची लाव."

"साहेब रागावतीन न मॅडम."

"माझं नाव सांग."

त्याने तळ्यात पाहिलं आणि वायर काढली. 'बळीराजाच्या पाठीशी' एवढ्यावर साहेबांचा आवाज तुटला. पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही. पंखा घरघरला, पाण्याला फेस आला. काठावरचे ते गृहस्थ मला विचारू लागले की काय झालं, आणि मी जे होतं ते सांगितलं. हे माणसाळलेले नाहीत, मरत आहेत. वीज नाही. दर काही दिवसांनी नसते. तुमच्यासारखे आले तर तीही येईल, म्हणूनच तुम्ही हवे आहात.

ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला. वीज, रस्ता, बर्फ यांबद्दल दोन-चार नेमके प्रश्न विचारले. मग म्हणाले, "तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, बरं झालं." त्यांच्या त्या सुरावरूनच मला कळलं की ते परत येणार नाहीत.

गाड्या गेल्यावर साहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जे बोलले ते मावशींना.

"तुमच्या या मॅडमनं जिल्ह्याचं नुकसान केलं."

मावशी चिखलाने माखलेल्या, ओल्या लुगड्यात उभ्या होत्या. "जिल्हा कुठी बुडत होता, साहेब? बुडून तं माह्ये झिंगे राह्यले होते."

दुपारपर्यंत मावशींचे निम्म्याहून जास्त झिंगे तगले. भावांच्या तळ्यातले मात्र गेले. जनरेटर एकच होता आणि वायर तिथवर पोचत नव्हती. थोरला मेलेले झिंगे टोपल्यात गोळा करत होता, तेव्हा मी मदतीला वाकले. तो म्हणाला, "राहू द्या." रागाने नाही म्हणाला, पण मला ते दोन शब्द साहेबांच्या सगळ्या बोलण्याहून जास्त लागले.

उरलेला माल आम्ही लगोलग काढला. रिसोडच्या बाजारात मावशी पाटी घेऊन बसल्या. बायका थांबायच्या, मिशा बघून पुढे जायच्या. एकीने विचारलं, "हे विंचू होत का?" मावशींनी तिथेच स्टोव्ह मागवला, तिखट-मीठ लावून परतून दाखवले, तेव्हा कुठे पाटी रिकामी झाली. बाकीचे हायवेवरच्या एका ढाबेवाल्याने घेतले, तेही आमच्यावर उपकार केल्यासारखे.

पुढे बातमी कळली की त्या कंपनीने शीतगृह कोकणात उभं केलं. मी जिथे काम केलं होतं, त्याच खाडीच्या पट्ट्यात. मला चिडायचं होतं, पण कोणावर? तिथली बांध फुटलेली माणसं माझ्या ओळखीची होती. त्यांच्या दारात बर्फ आला याचा आनंदच व्हायला हवा, आणि झालाही. पण त्या आनंदाखाली कुढणं होतं, ते अजून गेलेलं नाही. तिथे वादळ आलं, ते सगळ्यांना दिसलं, म्हणून मदतही पोचली. आमच्या गावची डीपी जळणं कोणाला दिसत नाही. ती जळतच असते.

संस्थेने माझा प्रकल्प बंद केला. आता मी शेळीपालनाचं प्रशिक्षण देते. भावांनी तळ्यात रोहू-कटला मासे सोडले. ते मला चहा देतात, पण झिंग्याचा विषय काढत नाहीत. मावशी रोहूबरोबर थोडे झिंगेही सोडतात. कायले, असं नवरा विचारतो. मी विचारलं तर म्हणाल्या, "मले त्याइची चव आवडली, बाप्पा. कंपनी नाई आली तं म्या खाऊ नये का?"

मागच्या महिन्यात गेले तेव्हा त्यांनी रस्सा केला होता, भाकरी होती. पोट भरून जेवले. बाहेर पन्नीच्या एका कोपऱ्याला चीर गेलेली दिसली. दुरुस्तीला कोण येतो, मी विचारलं. मावशी म्हणाल्या, शेततळ्याच्या योजनेत नवीन पन्नी भेटते, दुरुस्ती भेटत नाही. मी वाशीमला परत येताना बसमध्ये त्यावर अर्ज मनातल्या मनात लिहीत होते, आणि तो त्याच साहेबांच्या टेबलावर जाऊन पडेल हेही मला माहीत होतं.