खिळ्यांची भोकं

कुशाबा परब चिंचपोकळीच्या एका चाळीत राहायचा. गिरणीत फिटर होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचा मंडप घालायचा असला तरी लोक त्यालाच बोलवत. चाळीच्या गच्चीवरची पत्र्याची शेडही त्यानेच ठोकलेली.

सत्तावन्नच्या मे महिन्यात एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं. रेल्वेच्या रुळांकडून धुळीचा खांब गरगरत आला आणि दोन मिनिटांत चाळीवरून गेला. शेडचे सात पत्रे उडाले. एक खाली चौकात पडला. तिथे राधाबाई वाळवण गोळा करत होत्या. त्या जागच्या जागी गेल्या.

"देवाची करणी," लोक म्हणाले. कुशाबा गच्चीवर गेला. वाशांत नुसती भोकं होती. खिळे सरळ उपटून आले होते.

तिसऱ्या दिवशी चाळ जमली, तेव्हा तो राधाबाईंच्या मुलासमोर, धोंडूसमोर उभा राहिला. "पत्रे मीच ठोकलंय. नुसत्या खिळ्यांवर. लोखंडी आकडे लावूचो कंटाळो केलंय. चूक वाऱ्याची नाय, माझी."

धोंडूच्या मुठी वळल्या.

"मग आता काय करतलंस?"

"सगळे उतरवतंय. नव्यान बांधतंय."

पाळी सुटली की तो गच्चीवर. प्रत्येक पत्रा लोखंडी आकड्याने वाशाला आवळला. मग शेजारच्या चाळींत गेला. "आमचे पत्रे घट्ट आहेत," असं कोणी म्हटलं की हाताने पत्रा उचलून दाखवायचा. त्याने अकरा चाळींची छपरं बांधली. वादळ दिसलं की थाळी बडवायची आणि सगळ्यांनी जिन्याखाली जमायचं, हेही ठरलं.

पुढच्या वर्षी पुन्हा तसंच आभाळ आलं. थाळी वाजली, आणि माणसं उलट चौकात धावली! पोलीस आले की चळवळीत हीच थाळी वाजायची आणि सगळे चौकात जमायचे.

"पोलीस नाय, वारो! जिन्याखाली!" कुशाबा ओरडत एकेकाला ढकलू लागला. म्हाताऱ्या जाईबाईला धोंडूने उचलूनच आत आणलं. शेवटचा माणूस आत आला आणि समोरच्या दुकानाची पाटी रिकाम्या चौकात आदळली. वर पत्रे थडथडत होते. एक कोपरा उचलला गेला, पण आकड्याने धरून ठेवला.

वारा गेल्यावर कुशाबा पायरीवर बसला.

दुसऱ्या दिवशी चौकात रुळाचा तुकडा टांगला. तो वाजवायचा फक्त वादळासाठी.

धोंडू त्याच्याशी पुढेही फारसा बोलला नाही. पण दर एप्रिलमध्ये कुशाबा आकडे तपासायला चढायचा, तेव्हा खाली शिडी धरून तोच उभा असायचा.