सात फुटी टाकीतला पाहुणा

माझ्या बायकोला शोभेचे मासे आवडत नाहीत. इवलेसे सोनेरी मासे बघून तिला जांभई येते. तिला लागतात शिकारी मासे, एकमेकांना गिळायला टपलेले, आणि तेही एकाच टाकीत गुण्यागोविंदाने राहणारे. इंदूरजवळच्या राऊमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफा जिथे यायला हवा होता तिथे सात फुटांची काचेची टाकी आहे. सोफा आलाच नाही. माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतात आणि मासे ऐसपैस राहतात, यावर मी बरीच वर्षं कुरकुर केली. हल्ली करत नाही.

बायको इथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. मी निवृत्त, म्हणजे दिवसभर माशांसोबत घरी. टाकीत तेव्हा तिघे होते. वरच्या पाण्यात अरोवाना, हातभर लांब, चंदेरी. मधे ऑस्कर, काळा-केशरी, आठ वर्षांचा आणि बायकोचा जीव की प्राण. तळाशी वाळूवर बिचिर, सापासारखा सरपटणारा. "तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडं," बायको म्हणते, "म्हणून भांडण नाही." कोणाला कोणासोबत ठेवायचं हे ती तोंडाच्या मापावरून ठरवते. ज्याच्या तोंडात जो मावतो तो शेजारी नसतो, तो नाश्ता असतो, असं तिचं म्हणणं. अरोवाना उडी मारतो म्हणून झाकणावर दोन विटा असतात. तिघांना खाणं एकाच वेळी पण तीन वेगळ्या जागी मिळतं. मी सरकारी नोकरीत जन्म काढला, पण एवढी चोख व्यवस्था कुठल्याही खात्यात पाहिली नाही.

जुनी इंदूर भागातले एक काका तिला माशांच्या दुकानात भेटायचे. ऐंशीच्या घरातले, पत्नी गेल्यापासून एकटे. त्यांच्याकडे टेक्सास जातीचा एक मासा होता, निळसर, अंगभर पांढरे ठिपके, आमच्या ऑस्करच्याच मापाचा. मुलगी त्यांना कायमचं बंगळुरूला नेणार होती. एका रविवारी ते झाकणाच्या बादलीत मासा घेऊन रिक्षातून आमच्याकडे आले.

"बेटा, दुकानवाला तो ले लेगा," ते म्हणाले, "पण तो याला कोणत्या टाकीत टाकेल, काय भरोसा? तू हां म्हणशील तर पूरी हां म्हण. नंतर फोन करून मेला म्हणालीस, तर मला ऐकवणार नाही."

त्यांना जायला एक महिना होता. बायको म्हणाली, "काका, तुम्ही जायच्या आधी हा चौघांत मोकळा फिरताना तुम्हाला दाखवीन." तिने असा शब्द दिला की मला धडकी भरते, कारण ती तो पाळते आणि त्यात मलाही राबावं लागतं.

पहिला आठवडा पाहुणा वेगळ्या टबात राहिला, काही आजार असला तर कळावा म्हणून. मग टाकीच्या उजव्या टोकाला पांढऱ्या चौकडीची प्लॅस्टिकची जाळी उभी करून त्याला पलीकडे सोडलं. एकमेकांना बघा, पण हात लावू नका, अशी सोय. ऑस्कर दिवसभर जाळीशी कल्ले फुगवून उभा असायचा. खाणं घालताना बायको आधी घरच्या तिघांना पोटभर घालायची आणि मगच पाहुण्याला. भरल्या पोटी घरचे भांडत नाहीत, असा तिचा हिशेब. मला हे अजिबात पटत नव्हतं.

आता माझी बाजू ऐका. गणपतीच्या दिवसांत आमच्या मंडळाच्या पंगतीत वाढायला मला आवर्जून बोलावतात. मी जिलबीचं ताट घेऊन फिरलो की 'नको' म्हणणाऱ्याच्या पानात दोन जास्त पडतात. आमचे वडील सांगायचे, पाहुणा ताटकळला आणि घरच्यांच्या पानात पडलं, तर वाढप्याने ताट खाली ठेवावं आणि घरी जावं. या संस्कारात वाढलेल्या माणसाने एका नवख्या, घर सुटलेल्या जिवाला सगळ्यांच्या शेवटी वाढायचं?

एका गुरुवारी कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा होत्या. "आज संध्याकाळचं खाणं तुम्ही घाला," बायको म्हणाली, "पण आधी घरचे, हां." मी हो म्हणालो. संध्याकाळी फ्रीजमधली कोळंबी काढली, आणि सरळ पाहुण्याकडे गेलो. एक तुकडा त्याने घेतला, मी दुसरा दिला, मग तिसरा. आग्रह करायची सवय हाताला. पलीकडून ऑस्कर जाळीवर धडक देत होता, आणि मी त्याला इंदुरी थाटात म्हणालो, "अरे भिया, थांब ना, तुझंच घर आहे." पाचव्या तुकड्याला जाळीचा खालचा कोपरा सुटला.

ऑस्कर आत घुसला आणि दोघांनी एकमेकांचे जबडे धरले. पाणी छतापर्यंत उडालं. हाताला लागलं ते जेवणाचं ताट मी मधे खुपसलं, कोपरापर्यंत भिजलो, कसेबसे वेगळे केले. पाहुण्याची शेपटी अर्धी फाटली होती आणि कुशीवरचे खवले वाळूवर पडले होते. तो कोपऱ्यात तिरका होऊन धापा टाकत होता. काकांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला.

बायको आली तेव्हा मी तसाच ताट धरून उभा होतो. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तिने पर्स खाली टाकली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बादल्या आणा." तासभर आम्ही पाणी बदललं. तिने जखमांसाठी पाण्यात मीठ घातलं, दिवा बंद केला. मग टाकीतला प्रत्येक दगड, प्रत्येक लाकूड उचलून जागा बदलली. "कोणालाही 'ही माझी जागा' म्हणता आलं नाही पाहिजे," ती म्हणाली. शेवटी तिने मासे धरायचं मोठं जाळं घेतलं. मला वाटलं, पाहुण्याला पुन्हा टबात नेणार. तिने आपला ऑस्कर धरला आणि जाळीपलीकडच्या दोन फुटांत सोडला. पाहुण्याला अलीकडचे पाच फूट मोकळे दिले आणि जाळीचा कोपरा घट्ट बांधला.

"अगं, चूक माझी आणि शिक्षा त्याला?" मी म्हणालो.

"शिक्षा नाही हो. हा मोठ्या भागात राहिला तर पाहुण्याला कधीच टिकू देणार नाही."

ऑस्कर रुसला. खरोखर रुसला, म्हणजे वाळूवर कुशीवर पडून राहिला. सहा दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. बायको कामावरून आली की स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसायची. "आठ वर्षांचा आहे हा. काही झालं तर माझं मलाच माफ करता येणार नाही," असं ती एकदा मला सरळ म्हणाली. पण जाळी तिने हलवली नाही. दुसऱ्याच्या माशासाठी स्वतःचा लाडका असा पणाला लावणारी ही बाई माझ्यासोबत इतकी वर्षं राहते आहे, आणि मी सोफ्यावरून बोलत होतो! मला माझी लाज वाटली.

सातव्या दिवशी ऑस्करने एक तुकडा उचलला. पाहुण्याची शेपटी किंचित वाकडी का होईना, भरून येत होती. आणखी आठवडा गेला. मग एका सुट्टीच्या दुपारी बायकोने सगळ्यांना पोटभर घातलं, दगड पुन्हा हलवले, दिवा मालवला आणि जाळी काढली. मी देवाचं नाव घेत उभा. दोघे समोरासमोर आले, कल्ले फुगवले, एकमेकांभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बाजूला झाले. संध्याकाळपर्यंत ऑस्करने लाकडाखालची जागा धरली होती, आणि पाहुण्याने दगडामागची.

काका निघायच्या आदल्या दिवशी आले. मी त्यांना आधीच सगळं कबूल करून टाकलं. त्यांचं लक्ष टाकीकडे होतं. त्यांचा मासा मोकळा फिरत होता. ते काचेजवळ गेले, चष्मा पुसला आणि बोट टेकवलं. घरी असं बोट टेकवलं की तो जिथे असेल तिथून धावत यायचा, असं त्यांनी आम्हाला सांगितलं.

मासा बोटाकडे वळला. तेवढ्यात टाकीच्या दुसऱ्या टोकाला बायकोने खाण्याच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि तो ऑस्करच्या मागोमाग तिच्याकडे गेला. बायकोच्या लक्षात आलं. ती झाकण घाईघाईने लावायला लागली.

"राहू दे बेटा," काका म्हणाले. "घाल त्याला." बोट काचेवरच होतं. तिघा घरच्यांचं झाल्यावर त्यांच्या माशाने दोन तुकडे खाल्ले, दगडामागे गेला आणि तिथेच थांबला. काकांनी बोट काढलं, शर्टाला पुसलं आणि बायकोच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता मला जाता येईल," ते म्हणाले.