गोदूबाईच्या खुणा

ओवे गावातल्या गोदूबाईला नोटिशीतला 'तोडण्यात येईल' हा शब्द नवा नव्हता. वीस वर्षं तो आळीत येत-जात होता. आला की सभा व्हायची, मोर्चा निघायचा, मग तो परत जायचा. ह्या खेपेला ती अडली ती खालच्या ओळीवर. नात रिया वाचत होती, "...वाढीव बांधकाम पंधरा दिवसांत स्वतः काढावे, अन्यथा तोडण्यात येईल व निघालेला राडारोडा घरमालकाने उचलावा."

"काय उचलायचा?"

"राडारोडा. डंपरमधून रोज जातं ना गं आजी, डेब्रिज, ते."

"ह्यो शब्द कुटना काडला त्यांनी?"

रिया बी.ए.ला मराठी घेऊन बसली होती. तिनं मोबाइलवर शब्दकोश उघडला. "राडा म्हणजे चिखल. रोडा म्हणजे विटेचा, दगडाचा फुटका तुकडा. दोन्ही एकत्र झालं की राडारोडा."

"आपल्या घरात चिखल कुटं हाय?"

"आत्ता नाहीये," रिया म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

चिखल गोदूबाईला ठाऊक होता. तिचं माहेर उरणकडच्या मिठागरावरचं. ती नऊ वर्षांची असताना उधाणाच्या भरतीनं बांध फुटला आणि खाडी सरळ घरात शिरली. ओहोटी लागल्यावर चार घरांचा मिळून एकच ढीग उरला होता. कौलं, कुडाच्या काठ्या, पाळण्याची एक बाजू, सगळं चिखलानं एका रंगाचं. तिच्या आईनं त्यातून वरवंटा उचलला, तर शेजारीण म्हणाली, माझा. आई म्हणाली, माझा. दोघी एका ताटात जेवणाऱ्या, पुढं मरेपर्यंत बोलल्या नाहीत. आणि वरवंटा नक्की कुणाचा, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. पितळी भांड्यांवरून मात्र वाद झाला नाही. त्यांच्यावर नावं घातलेली होती.

तीन दिवस गोदूबाई घरभर फिरून दारं-चौकटी बघत राहिली. चौथ्या दिवशी मुलगा शैलेश बंदरावर कामाला गेला आणि तिनं माळ्यावरून ग्रिलच्या लाल ऑइलपेंटचा उरलेला डबा काढला. मागची खोली शैलेशच्या लग्नात वाढवलेली, वरचं स्वयंपाकघर त्यानंतरचं. नवऱ्यानं, काशिरामनं, दोन्हींच्या विटा डोक्यावरून वाहिल्या होत्या. दारं, चौकटी, ग्रिल, कडाप्पा, सगळ्यांवर ती 'गो. का.' लिहीत गेली. कुठल्या खोलीचं काय ते कळावं म्हणून पुढं आकडा. मग बाहेरच्या भिंतीवरही तसंच लिहिलं. फक्त उंबरा सोडला. रोज हळदकुंकू वाहायची जागा, तिथं कोण लिहितं? शिवाय हळदीची बोटं होतीच. तीच खूण पुरे.

बाजारातून परतणाऱ्या शेजारच्या भामानं लांबूनच भिंतीवरचे लाल आकडे पाहिले. पलीकडच्या गावात घरं पाडायचं मशीन आलं त्याच्या आदल्या दिवशी सरकारी माणसांनी भिंतींवर असेच आकडे घातले होते. ती जवळ आलीच नाही. अर्ध्या तासात आळीतल्या बायका कपाटं ओढत होत्या, आणि भामाचा फ्रीज भर रस्त्यात उभा होता.

शैलेशला कामावर फोन गेला. तो घरी पोचला तो बाइकची चावी तशीच ठेवून धावत आला.

"कती जन आलते, आये?"

"कोनच नाय. मीच लिवलंय."

त्यानं तिच्या हातातला ब्रश पाहिला आणि पायरीवर बसकण मारली.

"म्हातारे, माजा जीव घेतला असतास गो," भामा म्हणाली. "आता फ्रीज तुजा लेक चढवनार हाय काय वरती?"

"चढवील."

"आये, कशाला केलंस पन ह्ये?" शैलेशनं विचारलं.

"वळखाय. उद्या ढीग झाला तर आपलं कंचं, कसं वळखशील?"



इतक्यात खाडीकडं जाणारा डंपर आळीत शिरला आणि फ्रीज आडवा म्हणून नेमका गोदूबाईच्या दारासमोर थांबला. तो शिगोशीग भरला होता. निळ्या भिंतीचे तुकडे, फरशा, अर्धा कोनाडा. सगळ्यांच्या वर एक उंबरा आडवा पडला होता. त्याच्यावर हळदीची पाच बोटं अजून पिवळी होती.

 गोदूबाई पुढं झाली.

"कोनाच्या घराचं हाय रं ह्ये?"

"क्या मालूम, मावशी. भर दिया, लेके आया."

तिनं कुठं नाव दिसतं का ते पाहिलं. हळद तर सगळ्याच उंबऱ्यांना असते.

शैलेशनं आणि भामाच्या नवऱ्यानं फ्रीज बाजूला सरकवला. डंपर गेला, मागं धूळ राहिली. बायका एकेक करून कपाटं आत न्यायला लागल्या. हसलं कुणीच नाही.

गोदूबाई आपल्या उंबऱ्यापाशी बसली आणि तिनं ब्रश डब्यात बुडवला.

"आये, उंबऱ्यावर नको," शैलेश हळूच म्हणाला.

तिनं सकाळच्या हळदीला हात लावून नमस्कार केला आणि त्याच्या शेजारी 'गो' काढला. काना वाकडा गेला. तिनं तो पुसला नाही, वरून पुन्हा गिरवला.

नोटिशीचे अजून अकरा दिवस होते.